चौसष्ट किलो

१

आमच्याकडे माणसं वाहणारं विमान येतं आणि चार महिन्यांनी खोकी वाहणारं होऊन जातं. चीनमध्ये, शियामेनच्या विमानतळाला लागून, समुद्राच्या अंगाला, आमचा हँगर आहे. विमान आत आलं की पहिले आठ-दहा दिवस नुसतं काढायचं काम. खुर्च्या निघतात, गालिचे निघतात, संडास निघतात, डोक्यावरचे कप्पे निघतात. खुर्च्यांखाली काय सापडलं ते मी पूर्वी वहीत लिहून ठेवत असे : कंगवे, बाळाचे मोजे, एकदा दातांची कवळी. मग डाव्या बाजूला पुढे मालाचं मोठं दार कापतात, खालची जमीन काढून जाड जमीन घालतात, तिच्यावर पोलादी रोलरच्या रांगा बसवतात, आणि खिडक्या बंद करतात. काच काढायची, तिथे पत्र्याचं झाकण बसवायचं, रिव्हेट ठोकायचे, कडेनं लुकण भरायचं, वर आतलं पॅनेल लावायचं. शेवटची खिडकी बंद झाली की आत भर दुपारी दिवे लावावे लागतात.

माझं काम सगळ्यांत शेवटी. मी वजन करतो. माझं आडनाव च्वांग, वय बावन्न, या कामाला चोवीस वर्षं झाली. शिकलो ते इथेच, बघून आणि लिहून.

काढलेली प्रत्येक वस्तू तोलून लिहिलेली असते, बसवलेली प्रत्येक वस्तूही. त्यावरून विमानाचं वजन किती भरायला हवं ते मी आधी कागदावर काढतो. मग विमान तीन जॅकवर उचलतात. प्रत्येक जॅकच्या डोक्यावर एक काटा : एक नाकाखाली, दोन पंखांखाली. तिन्ही काट्यांची बेरीज म्हणजे वजन. आणि ते तिन्हींत कसं वाटलं गेलंय त्यावरून, जास्तीचं काही असेल तर ते कुठे आहे हेही कळतं. नाकाखालचा काटा चढला तर पुढे, डावा चढला तर डावीकडे. खुर्च्या गेल्या तरी आम्ही जागा जुन्या रांगांच्या आकड्यांनीच सांगतो. रांग आठ, रांग वीस. ती सवय काही जात नाही.

वजन करताना हँगरची दारं बंद, पंखे बंद, विमानात कुणी नाही. शिडीपाशी एक फळा आहे. आत जाणारा आपला बिल्ला त्यावर टांगतो, बाहेर आला की काढून घेतो. फळा रिकामा दिसल्याशिवाय मी काट्याला हात लावत नाही.

त्या गुरुवारीही फळा रिकामा होता. मी दोनदा बघितला होता.

२

काटे वाचते ती त्साई मेईयुन. चाळिशीची बाई, तोंडानं फटकळ, आकड्यांना पक्की. आकडे आले की यंत्रातून किराण्याच्या बिलासारखी बारीक चिठ्ठी निघते, ती फाडून ती मला देते.

त्या दिवशी चिठ्ठी तिनं लगेच दिली नाही.

"च्वांगदादा, तुमचा कागद काय म्हणतो?"

मी आकडा सांगितला.

"मग चौसष्ट जास्त आहेत."

"पुन्हा बघ."

"बघितलं हो. मी काय भाजी तोलतेय?"

पाच-दहा किलोचा फरक नेहमी पडतो. कुणी लुकण सढळ हातानं लावतं, रंग जरा जाड बसतो. असलं जास्तीचं वजन सगळीकडे पसरलेलं असतं, त्याला एक जागा नसते. या चौसष्ट किलोंना जागा होती. मेईयुननं गणित करून दाखवलं : मागच्या बाजूला, डाव्या भिंतीशी, रांग एकतीस. खिडकीची जागा.

ओउयांगबाई मागेच उभ्या होत्या. त्या आमच्या हँगरच्या मुख्य, आणि त्यांच्या शेजारी विमान घ्यायला आलेला गिऱ्हाईक कंपनीचा माणूस, हातात कागदी कप. ओउयांगबाईंनी आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत.

"च्वांग, तुमचा हिशेब चुकलाय, की विमानात काहीतरी राहिलंय?"

दोनच उत्तरं होती. हिशेब चुकला असेल तर माझा शिक्का जातो. आमच्याकडे प्रत्येकाचा आकडा असलेला एक रबरी शिक्का असतो. केलेल्या कामाखाली तो उमटवायचा. शिक्का गेला की माणूस कारागीर राहत नाही, हमाल होतो. मी तिसरं उत्तर देऊ शकलो असतो : मला माहीत नाही, तपासून सांगतो. तेच खरं होतं. पण तो माणूस कपातून घोट घेत माझ्याकडे बघत होता.

"काहीतरी राहिलंय," मी म्हणालो. "रांग एकतीसच्या आसपास. भिंतीत."

रांग अठ्ठावीसपासून मागच्या डाव्या खिडक्या फू चिनश्वेनं बंद केल्या होत्या. हे मला बोलण्याआधी माहीत होतं.

३

फू चिनश्वे, आम्ही त्याला आ-श्वे म्हणतो. तो आणि मी एकाच आठवड्यात इथे लागलो. चोवीस वर्षांत त्याच्या पेटीतला एक स्क्रू-ड्रायव्हर हरवलेला नाही. आमच्या पेट्यांत प्रत्येक अवजाराच्या आकाराचा खड्डा असतो, संध्याकाळी सगळे खड्डे भरलेले दिसले पाहिजेत. हात पुसायची फडकीसुद्धा मोजून मिळतात, मोजून परत द्यायची. आ-श्वे आपली पेटी मिटण्याआधी वरून हात फिरवतो, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून फिरवावा तसा. त्यावरून आम्ही त्याची टिंगल करायचो.

सहा पॅनेल उघडली. त्यानं स्वतःच उघडायला सुरुवात केली होती, पण ओउयांगबाई म्हणाल्या, "तुम्ही नको. दुसऱ्या कुणाला करू द्या." तो बाजूला झाला. हात मागे बांधून उभा राहिला.

चौसष्ट किलोचं काही सापडलं नाही. सापडलं ते एक फडकं. एकतीसच्या खिडकीखाली, झाकण आणि पॅनेल यांच्या मधल्या फटीत, बोळा करून ठेवलेलं.

"हे माझं नाही," आ-श्वे म्हणाला. "माझी फडकी निळी असतात. स्टोअरला विचारा. हे राखाडी आहे."

"तुझं नाही, माझं नाही, मग विमानानं आणलं होय?" कुणीतरी म्हणालं. दोघं-तिघं हसले.

मला ते तोलायला दिलं. चाळीस ग्रॅम. मी हातात घेतलं तेव्हा ते ओलं होतं. लुकणाचा ओलावा नव्हे, त्याला वास असतो. नुकतंच कुणीतरी मुठीत घट्ट धरून सोडलेलं असावं तसं दमट आणि कोमट. ती भिंत बंद होऊन तीन आठवडे झाले होते.

मी ते प्लास्टिकच्या पिशवीत घातलं, आणि 'ओलं' हा शब्द अहवालात लिहिला नाही. वहीत लिहिला.

भिंतीत विसरलेलं फडकं हा गुन्हाच. चौकशी होईपर्यंत ओउयांगबाईंनी आ-श्वेचा शिक्का काढून घेतला. त्याला अवजारांच्या खोलीत बसवलं, खिडकीतून लोकांना ड्रिल द्यायला आणि परत घ्यायला.

४

सोमवारी दुसरं वजन. तीन वेळा वजन करायचं असा नियम आहे, आणि तिन्ही वेळा वजनही जुळलं पाहिजे, जागाही जुळली पाहिजे.

दारं बंद झाली, पंखे थांबले. फळा रिकामा. मोठा हँगर असा गप्प झाला की छताचा पत्रा उन्हानं तडतडतो तेवढंच ऐकू येतं. त्या दिवशी आणखी एक आवाज होता. विमानाच्या आतून, मागून पुढे, बारीक गरगर. रोलर नीट बसला नसेल आणि विमान उचलताना जरासं कललं असेल तर तो फिरतो. मी मनाला तसंच सांगितलं.

चिठ्ठी आली. वजन तेच : चौसष्ट जास्त.

"दादा," मेईयुन हळूच म्हणाली, "नाकाचा काटा चढलाय. डावा उतरलाय."

मी स्वतः गणित केलं. रांग बावीस, उजवीकडे. भिंतीशी नव्हे. जिथे आतून जायची वाट असायची तिथे.

भिंतीत विसरलेली वस्तू नऊ रांगा पुढे चालून येत नाही. म्हणजे भिंतीत काही नव्हतं. म्हणजे आ-श्वेचं काही राहिलेलं नव्हतं. हे कळायला मला चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आणि मग मी विचार केला की हे कसं सांगायचं. वजन चालतं म्हणून सांगायचं? ते म्हणतील काटे बिघडलेत, काटे मी जपतो. म्हणतील गुरुवारचं गणित चुकलं होतं, ते माझं होतं. कुठूनही निघालं तरी बोट माझ्यापाशीच येत होतं.

फॉर्मवर मी लिहिलं : रांग एकतीस, डावीकडे. खाली शिक्का मारला. खरी चिठ्ठी वहीत ठेवली. मेईयुन माझ्या हाताकडे बघत होती.

"काय लिहिलंत?"

"जे लिहायचं ते."

ती काट्यांवर प्लास्टिक घालायला निघून गेली.

दुसऱ्याच दिवशी ओउयांगबाईंनी मागची अख्खी डावी भिंत उघडायला लावली. चौदा खिडक्या. आ-श्वेचं तीन आठवड्यांचं काम दोन दिवसांत फोडलं. अवजारांच्या खोलीच्या खिडकीतून विमानाची तीच बाजू दिसते. रिव्हेट तोडायचे ड्रिल न्यायला लोक त्याच्याकडेच येत होते. तो नंबर लिहून त्यांना देत होता.

५

बुधवारी दुपारी मी ड्रिल परत करायला गेलो. खरं म्हणजे ते परत करायचं काम माझं नव्हतं.

"ये, चहा घे," आ-श्वे म्हणाला. खोलीच्या कोपऱ्यात त्यानं आपला चहाचा ट्रे मांडला होता. अंगठ्याएवढे पेले. पहिलं पाणी ओतून टाकलं, दुसरं पेल्यात. त्याच्याकडे बघत मी बसलो.

"काही सापडलं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"च्वांग, एक विचारू? खरं सांग. सोमवारी जागा कुठली आली?"

त्यानं पेला माझ्यापुढे सरकवला. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, केटलीकडे बघत होता. मला सोपं जावं म्हणून.

"तीच," मी म्हणालो. "एकतीस."

"डावीकडे?"

"डावीकडे."

तो बराच वेळ मान हलवत राहिला. "मग राहिलंच असेल काहीतरी. तू कशाला चुकशील." मग हसला. "गंमत सांगतो. काल घरी गेलो, दार उघडलं, आणि किल्ली कुठे ठेवली ते आठवेना. अर्धा तास शोधली. दारालाच होती. बायको म्हणते, तुझं डोकं आता भंगारात द्यायला झालंय."

"किल्ली तर कुणीही विसरतं."

"मी विसरत नव्हतो ना रे." त्यानं दोन्ही हात समोर धरले, उलटेसुलटे केले. "आता मी फडकी दिवसातून चार वेळा मोजतो. ते राखाडी कुठून आलं असेल? मीच उचललं असेल कुठून तरी. हात करतात आणि डोक्याला सांगत नाहीत, असं होतं म्हणे या वयात."

त्याचे हात मी चोवीस वर्षं पाहिलेत. मी चहा प्यालो. चांगला होता. आणखी एक पेला घेतला, तोही प्यालो, आणि उठलो.

६

तिसरं वजन शनिवारी दुपारी. भिंत पुन्हा बंद झाली होती, या वेळी दुसऱ्यांच्या हातानं. हँगरमध्ये मी आणि मेईयुन दोघंच. बाकीचे जेवायला गेले होते. मुद्दामच ती वेळ मी ठरवली होती.

"आज कुठली जागा लिहायची आहे ते आधीच सांगा," मेईयुन म्हणाली. "म्हणजे मी वाचायचा त्रास तरी घेत नाही."

"टोमणे नकोत."

"टोमणे कसले? आ-श्वेदादा काल मला विचारत होते, मेईयुन, माझी नजर अधू झालीय असं वाटतं का गं तुला? मी काय सांगू? तुमच्या अक्षरातलं वाचून दाखवू?"

मी वॉकीटॉकी उचलला. "मी आत जातो. माझं वजन एकाहत्तर. ते वजा करत जा, आणि दुसरं कुठे आहे ते मला सांगत राहा. काही असेल तर मी हातानं उचलून आणतो."

हे बोलताना मला काय हवं होतं ते लिहितो. मला आत आ-श्वेची पेटी सापडायला हवी होती.

बिल्ला टांगला, पुढच्या दारानं आत गेलो. आत लांबच लांब पोकळी, दोन्ही भिंती बंद, चार दिवे. जमिनीवर रोलरच्या रांगा मागच्या टोकापर्यंत गेलेल्या. मालाच्या दारासमोर रोलरऐवजी पोलादी गोळ्यांचा पट्टा असतो, म्हणजे जड पेटी कुठल्याही दिशेला ढकलता येते. मी त्या पट्ट्याच्या पुढच्या कडेशी, रांग पाचला, मधल्या फळीवर उभा राहिलो.

"एकशे पस्तीस जास्त," वॉकीटॉकीतून मेईयुन म्हणाली. "तुमचे वजा करून चौसष्ट. दुसरं रांग अठ्ठावीसला आहे. मधोमध."

मी तिकडे बघितलं. मागचा दिवा चांगला होता. अठ्ठावीसला काही नव्हतं.

"हलू नका, दादा."

"मी हललो नाही."

"पंचवीस."

आवाज आला. सोमवारचाच. दूरवर एक रोलर गरगरला आणि थांबला. मग त्याच्या पुढचा. बोटानं फिरवल्यासारखा नाही, वरून भार पडून पुढे सरकल्यावर फिरतो तसा. एक डावीकडचा, एक उजवीकडचा.

"वीस. तुम्ही चालताय का?"

"नाही."

"मग बाहेर या. दादा, बाहेर या. सतरा."

दार माझ्या पाठीशी चार पावलांवर होतं. मी का गेलो नाही ते मला अजून सांगता येत नाही. भीतीनं पाय जड होतात असं म्हणतात. तसं नव्हतं. कुणीतरी आपल्याला बोलावलंय आणि आपण तोंड लपवून निघालोय, असं मला वाटलं, आणि त्या क्षणी तरी ते मला जमलं नाही.

बारा. दहा. रोलरची रांग संपली, आवाज थांबला. माझ्यासमोर गोळ्यांचा पट्टा होता. शेकडो गोळ्या, प्रत्येकीवर दिव्याचा ठिपका. ते ठिपके एका जागी थरथरले. वितीपेक्षा थोडा लांब एक तुकडा : आधी मागच्या गोळ्या फिरल्या, मग मधल्या, मग पुढच्या. टाच, तळवा, बोटं. मग त्याच्या शेजारी, जरा पुढे, दुसरा.

"मी खोटं लिहिलं," मी म्हणालो. मोठ्यानं. का म्हणालो माहीत नाही. मला कुणी काही विचारलं नव्हतं.

गोळ्या आणखी एकदा फिरल्या, माझ्या बुटांच्या अगदी टोकाशी. मग सगळं थांबलं.

वॉकीटॉकी खरखरला.

"दादा," मेईयुन म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "एकशे पस्तीसच आहेत. पण रांग पाच. तुम्ही दोघं एकाच जागी उभे आहात."

७

मी शिडी उतरलो, बिल्ला काढला. मेईयुननं पुन्हा काटे वाचले. फरक तीन किलो. तीन किलो म्हणजे लुकण.

"मी काही बघितलं नाही," ती म्हणाली. "काही ऐकलंही नाही. मला एक मुलगी आहे, नोकरी हवी आहे. पण सोमवारची चिठ्ठी तुमच्याकडे आहे, तिच्यावर माझी सही आहे. ती तुम्ही जाळलीत तर मी बोलेन." मग माझ्या पायांकडे बघून ती दोन पावलं मागे सरली.

सोमवारी आणखी दोनदा तोललं, तिन्ही वजनं जुळली, आणि विमान मंगळवारी उडून गेलं. आता चौसष्ट किलो गेले कुठे, याचं उत्तर लोकांनीच शोधलं. भिंत फोडणाऱ्यांपैकी कुणीतरी आ-श्वेची विसरलेली पेटी गुपचूप बाहेर काढली, म्हाताऱ्याची अब्रू वाचवायला. हे सगळ्यांना पटलं. ओउयांगबाईंनाही. त्यांनी मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हणालो, "असू शकेल." मी एवढंच म्हणालो. शिक्का त्याला परत मिळाला नाही. आता तो विसरणारा तर ठरलाच, वर दुसऱ्यांना खोटं वागायला लावणाराही ठरला.

त्या आठवड्यात मी दोनदा चिठ्ठी खिशात घालून त्याच्या घरी जायला निघालो. तो सहा मजली जुन्या इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतो. दोन वर्षांपूर्वी तिला बाहेरून लिफ्ट जोडली, काचेची, अरुंद. आत पाटी : पाच माणसं, चारशे किलो. पहिल्यांदा आत चौघं होते. मी नजरेनं वजन सांगतो, दोन किलोपेक्षा जास्त चुकत नाही. चौघांचे मिळून पावणेतीनशे. मी पाय आत ठेवला आणि भाराची घंटी वाजायला लागली.

"काका, खिशात विटा आहेत का?" एक मुलगी म्हणाली. सगळे माझ्याकडे बघत होते, मी असा उंच, काटकुळा माणूस. मी बाहेर आलो. घंटी थांबली. लिफ्ट गेली, आणि मी घरी परतलो.

दुसऱ्यांदाही तेच झालं, तसाच परतलो. पाच मजले जिन्यानं चढता येतात. मला ते तेव्हाही माहीत होतं.

८

रविवारी संध्याकाळी मी जिन्यानं चढलो. एकशे पस्तीस किलोचा माणूस चढेल तसा चढलो, प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून. दार आ-श्वेनंच उघडलं. घरात त्याची बायको आरशापुढे लाल जाकीट चढवत होती. खाली चौकात बायकांचा नाच असतो.

"अरे, घामानं भिजलास! लिफ्ट बंद आहे का?"

मी बसलो नाही. दारातच चिठ्ठी पुढे केली आणि सगळं सांगितलं. गुरुवारी बाईंना काय म्हणालो, सोमवारी जागा कुठली आली आणि काय लिहिलं, त्याचा चहा पिऊन त्याच्याशी काय बोललो. फडकं ओलं होतं हेही सांगितलं. तिसऱ्या वजनाचं एवढंच सांगितलं की काटे बरोबर आले.

आ-श्वेनं चष्मा लावला. चिठ्ठी दिव्याखाली धरली. त्या तीन आकड्यांवरून जागा काढायला त्याला जरा वेळ लागला, ओठ हलत होते.

"बावीस," तो म्हणाला. "उजवीकडे."

"हो."

"म्हणजे भिंतीत काही नव्हतं."

"नव्हतं."

"चौदा खिडक्या फोडल्या रे माझ्या देखत. ड्रिल मी देत होतो." त्याचा आवाज चढला नाही. "आणि तू मला म्हणालास, एकतीस. डावीकडे का विचारलं, तर डावीकडे."

"हो."

"बाहेरच्या माणसापुढे भ्यालास होय?"

"हो."

त्याची बायको आरशापुढून वळली होती. तिनं मला एक शिवी दिली, ती इथे लिहीत नाही. ती योग्य होती. आ-श्वेनं तिला हातानं गप्प केलं. मग तोच हात त्यानं समोर धरला, दुसराही धरला, आणि त्यांच्याकडे बघत राहिला. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी दोन आठवड्यांत पाहिलं नव्हतं.

"मी काही विसरलो नव्हतो," तो बायकोला म्हणाला. "ऐकलंस? मी विसरलो नव्हतो!" चिठ्ठी त्यानं शर्टाच्या खिशात घातली आणि खिशावर हात ठेवला. मग मला म्हणाला, "ओउयांगबाई इथेच मागच्या गल्लीत राहतात. आत्ताच्या आत्ता जायचं. तू त्यांना तोंडानं सांगायचंस. सांगशील?"

"सांगेन."

"हो पुढे. बूट घालून आलोच."

मी बाहेर आलो. लिफ्ट उघडी होती. आत लाल जाकिटातल्या चार बायका आणि चाकं लावलेला एक मोठा स्पीकर. "या, या, मावेल की," एकीनं स्पीकर ओढून घेतला. मी सवयीनं हिशेब केला : चौघींचे अडीचशे, स्पीकरचे वीस, माझे एकाहत्तर, आणि चौसष्ट. वाजणार. तरीही पाय आत ठेवला.

घंटी वाजली नाही.

दार मिटलं, लिफ्ट सुरळीत खाली आली. बायका स्पीकर ढकलत बाहेर पडल्या. मी तिथेच, लिफ्टच्या तोंडाशी उभा राहिलो. काचेतून लिफ्ट पुन्हा वर जाताना दिसली. पाचव्यावर थांबली. दार उघडल्याचा आवाज आला, माणसांचं बोलणं आलं, आणि त्यावर घंटी. वाजतच राहिली. वरून हसण्याचे आवाज, आणि त्याच्या बायकोचा सगळ्यांच्या वर : "आ-श्वे, तू उतर! तू आलास तेव्हाच वाजायला लागली. आज काय खाल्लंस रे?"

तोही हसत होता. खूप दिवसांनी हसत होता. "बरं बाई, मी जिन्यानं येतो. च्वांगसुद्धा चढून आला की."

घंटी थांबली.

वर जावं, त्याला जिन्यातच गाठावं, त्याच्या खिशातली चिठ्ठी परत मागावी, हे सगळं माझ्या मनात आलं. पण त्याच्या आधी जे आलं ते प्रामाणिकपणे लिहितो : मला हलकं वाटलं. गुडघे दुखत नव्हते, श्वास मोकळा होता.

जिन्यावरून पावलं येऊ लागली, एकेका पायरीवर जड टेकत. तो मला वरूनच हाक मारत होता, थांब, आलोच म्हणत होता. तो दुसऱ्या मजल्यावर पोचला असेल तेव्हा मी फाटकाबाहेर पडलो होतो, आणि पळत होतो.